कच्च्या टाक्याची बाही

वच्छलाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका इन्स्पेक्टरला बुटानं बडवत होत्या. इन्स्पेक्टर नाटकातला होता. बूट खरा होता.

"वर्दी घालून बिडी पेतो? खिशाले भोक पाडतो? तुह्या बापानं शिवली होती काय?"

एकेका प्रश्नाला एकेक फटका. तो नट चांगला दांडगा होता, पण दोन्ही हात डोक्यावर धरून "चुकलं काकू, चुकलं" करत दाराबाहेर पडला. बाईंनी बूट त्याच्या जोडीदाराशेजारी नीट ठेवला, पदरानं कपाळ पुसलं आणि अगदी घरगुती आवाजात मला विचारलं, "तुमचं काय जी, बाई?"

"फ्रॉक पाहिजे होता," मी म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्यासाठी?"

"भाचीसाठी."

"मंग ठीक."

मी गडचांदूरला सिमेंट कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेचं कार्यालय सांभाळते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे सगळी भावंडं जमतात आणि काही वर्षांपासून फराळाइतकंच फोटोंना महत्त्व आलं आहे. फोटोग्राफर बोलावतात, सगळ्यांनी एका पद्धतीचे कपडे घालायचे असतात. त्या वर्षी ठरलं, जुन्या कृष्णधवल सिनेमासारखे फोटो काढायचे. पुरुषांना कोट आणि टाय, बायकांना उंच अंबाडे, आणि माझी कॉलेजात जाणारी भाची पूर्वा हिला ठिपक्यांचा फ्रॉक. फुग्याच्या बाह्या, कमरेला पट्टा, गुडघ्याखाली घेर, आत जाळीचा परकर. जबाबदारी माझ्यावर, कारण याद्या मी करते. चंद्रपूरची दुकानं पाहून झाली. मोबाइलवरून मागवलेला फ्रॉक आला तो खिडकीच्या पडद्यासारखा. गडचांदूरच्या शिंप्यानं चित्र पाहून हात जोडले. शेवटी शाळेतल्या शिपायानं सुचवलं, "मॅडम, सावली गावाले जा. तिथी वच्छलाबाईची ड्रेपरी हाये. नाटकवाल्याइले कपडे देते. फक्त तिच्याशी भांडू नका."

आमच्या भागात धान कापून झालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि मंडई म्हटली की नाटक. त्या नाटकांना लागणारे राजाचे अंगरखे, डाकूच्या टोप्या, नर्सचे झगे, तलवारी, मिशा, हे सगळं भाड्यानं देणाऱ्या दुकानाला ड्रेपरी म्हणतात. बाकीच्या ड्रेपऱ्या नाटक मंडळ्यांच्या शेजारी एकाच गावात दाटीनं आहेत. वच्छलाबाई तिथल्या प्रत्येकाशी भांडून सावलीला आल्या होत्या. नट इतक्या लांब येत, कारण त्यांची शिवण उसवत नसे.

भाऊ, वहिनी, आई, सगळ्यांचे कपडे तिथूनच घ्यायचे ठरल्यामुळे त्या दिवाळीच्या आधी मला बऱ्याच चकरा झाल्या. त्या खुर्चीवर कधी बसत नसत. राजांच्या कपड्यांची ट्रंक ही त्यांची बैठक. तोंडात टाचण्या धरून बोलत आणि एकही टाचणी पडत नसे. कपड्यांना त्या पात्रांच्या नावानं हाक मारत. "थे दुसरी बायको काढ खुंटीवरून." "डाकूले ऊन दाखव." भिंतीवर बुद्धाची शांत तसबीर होती. तिच्याच खाली बसून त्या दिवसभर शिव्या देत. मात्र तसबिरीसमोर मेणबत्ती लावताना गप्प असत, तेवढा वेळ दुकानात कुणी बोललेलं चालत नसे.

जुने कोट त्या अंगणात दोरीवर टाकून काठीनं झोडपायच्या. धूळ काढायची साधी गोष्ट, पण प्रत्येक फटक्याला कुणाचं तरी नाव. कोणी मंडळाचा मॅनेजर, कोणी मेलेली सासू, कोणी कापडाचा व्यापारी. एकदा मी वेळेवर पोचले नाही, तर दारातच मला माझं नाव ऐकू आलं. वहिनीच्या अंबाड्याची जाळी हातात घेऊन मी कोट झोडपून होईपर्यंत उभी राहिले. "या बाई," त्या दमून म्हणाल्या, "तुमचा राग गेला आता."

फ्रॉक मात्र पहिल्याच दिवशी सापडला होता. काळ्यावर पांढरे ठिपके, अगदी चित्रातला. मी हात लावला तशी त्या म्हणाल्या, "डावी बाही वढा."

मी हळूच ओढली.

"भाजी निवडून राह्यल्या काय? मानसाच्या जोरानं वढा!"

मी हिसका दिला आणि अख्खी बाही माझ्या हातात आली. मी ती घाईनं परत खांद्याला लावायला लागले. वच्छलाबाई मात्र टाचण्या सांभाळत हसत होत्या. नाटकात एक तरी बाही फाटतेच. खलनायक नायिकेचा दंड धरतो, ओढतो, टर्रकन कापड निघतं, पब्लिक हळहळतं. रोज नवी बाही कुठून आणणार? म्हणून ती खांद्याला लांब लांब कच्च्या टाक्यांनी धरलेली असते. एका ओढीत सुटते, कापड शाबूत. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाके.

"मारनाऱ्याले वाटलं पायजे का त्यानंच फाडलं," त्या म्हणाल्या. "पन फाटलं पायजे ते आपल्या मर्जीनं. घेऊन जाच्या दिवशी पक्की करून देतो बाही."

हे सगळं त्या कुठे शिकल्या, ते त्यांनी दुसऱ्या खेपेला आपणहून सांगितलं.

"माहा नवरा व्हिलन होता जी. स्टेजवर बी अन् घरी बी. रातभर हिरोइनले मारे, टाळ्या घे. सकाळी घरी आला का तालीम माह्यावर." एकदा चामोर्शीकडच्या एका मंडईत नायिकेला ताप भरला. वच्छलाबाई कपड्यांच्या पेट्यांबरोबर गेलेल्या होत्या. संवाद पाठ होते, रोज अंगावरच ऐकलेले. त्या तोंडाला रंग लावून उभ्या राहिल्या. "त्यानं हात उचलला. लेखकानं लिवलं होतं का बाईनं खाली पडाचं. मी नाई पडली. सागवानी स्टूल होता बाजूले. घातला थोबाडावर."

"मग?"

"पब्लिक उभं राह्यलं जी! वन्समोअर म्हनलं! मंग काय, पब्लिकचा मान ठेवा लागते."

मला यातलं निम्मं बनावट वाटलं. पण त्यांच्या दुकानासमोरच्या टपरीवरचा म्हातारा चहावाला म्हणाला, "मी होतो ना. माह्या पायापाशी दात येऊन पडला." नवरा नंतर तेलंगणाकडे मिरची तोडायला गेला आणि परतला नाही.

सांगताना त्या हसत होत्या. मागच्या खोलीत त्यांची मुलगी सुजाता मशीनवर बसलेली होती. ती हसत नव्हती.

सुजाता लग्नाआधी गडचिरोलीला एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. तिचा नवरा राजू चामोर्शीला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवी. तिच्या डाव्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वळलेली होती. मी विचारलं नव्हतं. वच्छलाबाईंनीच तिचा हात धरून माझ्यापुढे नाचवला. "दारात धरून मोडली. भाजीत मीठ कमी झालं म्हनून." पोळ्यापासून ती माहेरी होती आणि राजूनं निरोप धाडला होता, दिवाळीला उचलून नेईन. दुकानाच्या चौकटीला टेकून एक लोखंडी सळाख उभी असे. मी एकदा ती बाजूला ठेवायला गेले तर बाई म्हणाल्या, "राहू द्या जी. जावयाचा आहेर हाये."

खरी काळजी त्यांना राजूची नव्हती, सुजाताची होती. ती कधी उलटून बोलत नसे. राजूचा फोन आला की उचले आणि ऐकत राही. त्या रोज सकाळी तिला अंगणात काढत, हातात काठी देत, "त्याचं नाव घे अन् कोटाले मार" म्हणत. सुजाता कोटावरची माशी उडवल्यासारखी काठी फिरवी. मग वच्छलाबाई तिच्या पाठीत धपाटा घालत. "दगड हाये ही! मी मेली का जाऊन बसन त्याच्याच चुलीपाशी. एकदा, एकदा तरी नाई म्हनून दाखव वो माय!"

"पण तुम्हीपण तिला मारताच," मी एकदा म्हटलं.

"मी शिकवून राह्यली."

सुजातानं दोघींकडेही पाहिलं नाही. मशीन सुरू केलं.

वसुबारसेच्या दिवशी मी पूर्वाला फ्रॉक घालून पाहायला नेलं. सकाळ होती. वच्छलाबाई कोळशाची इस्त्री फिरवत होत्या, सुजाता मागे चहा ठेवायला गेली. पूर्वा फ्रॉक घालून आरशासमोर उभी राहिली आणि एकदम खूश झाली. अंगाबरोबर बसला होता. तिचा आणि सुजाताचा बांधा सारखाच. वच्छलाबाई इस्त्री करता करता म्हणाल्या, "सुजाताच्याच मापाचा हाये. लगनाआधी फोटो काढाले गेल्ते ना दोघं आसोलामेंढ्याच्या तलावावर, तवा शिवला. आता भाड्याच्या मालात टाकला. काढ पोरी, बाही पक्की करतो."

पूर्वानं काढला नाही. "आत्या, मागून एक फोटो घे ना," म्हणाली आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली.

मोटारसायकल थांबल्याचा आवाज मी ऐकला, पण गिऱ्हाईक असेल असं वाटलं. राजूला मी कधी पाहिलेलं नव्हतं. एक धिप्पाड, नीट दाढी केलेला माणूस आत आला, त्यानं तो फ्रॉक पाहिला आणि दुसरं काही पाहिलंच नाही. मागून पूर्वाचा दंड धरला.

"माह्या जिवावर फॅशन करून राह्यली? चल घरी!"

पूर्वा किंचाळली. त्यानं दुसऱ्या हातानं तिची वेणी पकडली आणि दंडाला असा हिसडा दिला की तिचे पाय फरशीवरून सुटले. बाही टर्रकन निघाली, वेणीही त्याच्या हातातून निसटली. पुढचं ओझंच नाहीसं झाल्यावर तो स्वतःच्या जोरानं मागे गेला, चौकटीला धडकला आणि शेजारच्या राजांच्या ट्रंकेवर पाठीनं आदळला. हातात ठिपक्यांची बाही. तेव्हा कुठे त्याला पूर्वाचा चेहरा दिसला.

त्यानं माफी मागितली असती, पण तेवढ्यात चहावाला म्हातारा दारात येऊन हसला. तेवढं पुरलं. राजू उठला आणि त्याच्या हाताला चौकटीशेजारची सळाख लागली. त्यानं ती उगारली. कुणावर, ते आजही मला नक्की सांगता येणार नाही. मी पूर्वाला ओढून माझ्यामागे घेतलं.

वच्छलाबाईंनी हातातली इस्त्री तशीच चालवली. पहिला घाव मनगटावर. सळाख पडली. दुसरा खांद्यावर, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, ओल्या फांदीसारखा. इस्त्रीचं झाकण उघडून निखारे उडाले आणि राजूच्या गालावर, मानेवर चिकटले. तो लोळायला लागला तरी त्या थांबल्या नाहीत. इस्त्री टाकून त्यांनी सळाख उचलली. भाजलेल्या मांसाचा आणि जळत्या नायलॉनचा वास दुकानभर झाला. मी पाण्याची बादली त्याच्यावर आणि निखाऱ्यांवर ओतली, मग बाईंची कंबर मागून धरली. त्यांनी मला झटकलं, मी मशीनवर पडले. पूर्वाच्या पांढऱ्या ठिपक्यांवर रक्ताचे ठिपके आले होते.

मागच्या दारात सुजाता कपबशांचा ट्रे धरून उभी होती.

"ये," वच्छलाबाई धापा टाकत म्हणाल्या. सळाख तिच्यापुढे धरली. "घे. एक तरी मार."

सुजाता हलली नाही.

"मार म्हन्तो ना! पडला हाये तो! आता नाई तं कवा?"

"मरन तो, माय," सुजाता म्हणाली.

वच्छलाबाईंनी सळाख टाकली आणि सुजाताच्या कानशिलात दिली. ट्रे खाली पडला. पूर्वा रडायला लागली ती त्या क्षणी, आधी नाही.

मग मला जे जमतं ते मी केलं. पोलिसांना फोन, रुग्णवाहिकेला फोन, राजूच्या भाजलेल्या जागी ओलं सुती कापड, पूर्वाला पाणी. पोलीस आले तेव्हा वच्छलाबाई ट्रंकेवर बसून टाचण्या गोळा करत होत्या.

"म्या मारलं," त्या म्हणाल्या. "लिवा."

मी हवालदाराला सांगायला लागले की सळाख आधी त्यानं उचलली, भाचीवर हात त्यानं टाकला. तर बाई माझ्यावरच खेकसल्या, "माह्या माराले कारनं कायले लावून राह्यल्या जी? मारलं ते मारलं."

तरी मी जबाबात क्रमानं सगळं लिहून दिलं आणि प्रत घेतली. गुन्हे दोघांवरही दाखल झाले. बाई दोन-तीन दिवस आत होत्या, मग रोज ठाण्यात हजेरी द्यायच्या अटीवर जामीन मिळाला.

फोटो आम्ही काढले. घरातले नको म्हणत होते, पूर्वानंच हट्ट धरला. फ्रॉक मी थंड पाण्यात मीठ घालून भिजवला, डाग निघाले. दुसरी बाहीही उसवून टाकली. पूर्वाच्या उघड्या दंडावर पाच बोटं निळी उठलेली होती. फोटोग्राफर म्हणाला, संगणकावर घालवून टाकतो. "राहू द्या," पूर्वा म्हणाली. कृष्णधवल फोटोत ती बोटं काळी आली आहेत. माझ्या भावानं तो फोटो भिंतीवर लावू दिलेला नाही.

भाऊबीज झाल्यावर मला सुजाताचा फोन आला. राजूचे काका बोलणी करायला येणार होते आणि मी तिथे असावं अशी काकांचीच इच्छा होती. का, ते गेल्यावर कळलं. काका वयस्क, पांढरी टोपी, आवाज मऊ.

"मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या," ते म्हणाले. "तुमी जबाब थोडा नरम करा. सुजाताबाई घरी येते म्हनते तं आमी बी बाईवरची केस मागे घेतो. पोराचा खांदा मोडला, तोंड जळलं, तरी आमी मोठं मन केलं. नाई तं बाई, या वयात जेल बरी नाई."

"जबाब जसा आहे तसाच राहील," मी म्हटलं.

वच्छलाबाई अंगणात उभ्या होत्या. पहिल्यांदाच त्यांना मी तोंडात टाचण्या नसताना पाहत होते. "जेलात बी मशीन असते म्हन्ते," त्या म्हणाल्या. "तुमी जा जी काका. इथून कोनी येत नाई."

तेवढ्यात सुजाता बाहेर आली. खांद्याला बॅग होती. चपला पायात होत्या.

"मी जातो, माय," ती म्हणाली. "तुले जेलात नाई पाहू शकत मी. जातो. होते तसं होईन."

काकांनी समाधानानं टोपी सारखी केली.

वच्छलाबाईंचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही. राजूला मारताना तो तसा नव्हता. "कोनाच्या घरी जातं?" त्या ओरडल्या. "त्याच्या? माह्या नावानं? माह्यासाठी मरतं?" आणि हात उचलला. मी डोळे मिटणार होते. ती थप्पड मी आधी पाहिलेली होती.

थप्पड वाजली नाही.

सुजातानं तो हात वरच्या वर मनगटात धरला होता. वाकडी करंगळी तेवढी बाहेर राहिली होती.

"बस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "कोनी नाई मारायचं आता मले. त्यानं नाई. तुवा बी नाई."

वच्छलाबाईंनी हात ओढला. सुटला नाही.

"पोरी, हे काय लावलं, मायचा हात..." काकांनी सुरुवात केली.

"काका, तुमी जा," सुजाता त्यांच्याकडे न पाहता म्हणाली. "मी नाई येत. केस चालू द्या. मी बी लिवून देनार हाये, करंगळीपासून." बॅग तिनं खांद्यावरून घसरू दिली.

काकांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग गेले. मोटारसायकल लगेच सुरू झाली नाही, त्यांना ती बरीच ढकलत न्यावी लागली. आम्ही तिघींनीही तिकडे पाहिलं नाही.

"सोड," वच्छलाबाई म्हणाल्या.

"नाई."

"दुखून राह्यलं."

"दुखू दे. हजेरीची वेळ झाली. चाल."

ठाणं रस्त्याच्या त्या टोकाला आहे. मी परत करायला आणलेलं कोटांचं गाठोडं दुकानात ठेवून गाडीत बसेपर्यंत दोघी निघाल्या होत्या. सुजाता पुढे, मनगट तसंच धरलेलं, आणि वच्छलाबाई तिच्यामागे ओढल्यासारख्या. सावलीचा आठवडी बाजार होता. भाजीवाल्या, चुरमुरेवाले, सगळे मान वळवून पाहत होते, की या बाईला आता पोलिसांच्या आधी पोरगीच धरून नेते आहे. मी गाडी हळू घेतली. काच खाली होती, म्हणून मला ऐकू आलं.

"पाह्यलं काय जी?" वच्छलाबाई चहाच्या टपरीपाशी थांबून म्हाताऱ्याला सांगत होत्या. त्यांनी पूर्ण जोर लावून हात मागे ओढून दाखवला, मानेची शीर तटतटली. "पाहा. सुटत नाई!"

पुढच्या कांदेवालीपाशी त्यांनी तो पुन्हा ओढून दाखवला.